कौलं कोणी परतली

राजापूर, ३ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच बोललो असतो, पण परवा फोन स्पीकरवर होता, दादा-वहिनी बाजूला, आणि बाबा, तुमचा आवाज चढला की माझाही चढतो. म्हणून लिहितोय. आई, तू आधी वाच, मग बाबांना दे. का ते पुढे कळेलच.

मी मेस्त्रीच्या टेम्पोत बसून बाजारात जातो, हे तुम्हाला डोंबिवलीपर्यंत कोणीतरी कळवलं. खरं आहे ते. त्यावर तुम्ही म्हणालात, "त्या दलालाशी तुझं काय काम?" बाबा, एवढ्या एका शब्दासाठी हे पत्र आहे.

तो शब्द तुमच्याआधी मी वापरलाय. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, रिफायनरीसाठी माती परीक्षणाला यंत्रं आली, त्या आठवड्यात मी तिथेच होतो. बायका तापलेल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या, २८ तारखेला अश्रुधूर. घरी आलो तो डोळे लाल आणि डोकं त्याहून गरम. त्याच रात्री कळलं, की मेस्त्रीने आपल्या हिश्शाच्या कातळाचं संमतीपत्र दिलंय. मी वाडीच्या ग्रुपवर लिहिलं, "दलालांना गाव विकायला वेळ लागत नाही." नाव घातलं नव्हतं, घालायची गरजही नव्हती. चौघांनी लगेच अंगठे दाखवले. तो काही बोलला नाही, ग्रुपमधून बाहेर पडला.

मग वर्षभर बोलणं बंद. पाणंदीत समोरासमोर आलो की तो गडग्याला टेकून मला वाट द्यायचा. आणि मी जायचो, मान खाली घालून. तिसरीपासून एका बाकावर बसलेली माणसं आम्ही.

गेल्या वर्षी घरावरची कौलं कोणी परतली, असं तुम्ही विचारलं होतंत. मी म्हटलं, माणसं लावली. माणसं नव्हती बाबा, एकच होता. मे संपत आला होता, आंबा उतरत आलेला, आणि एक दिवस सकाळी सातला मेस्त्री शिडी आणि रिपांची मोळी घेऊन खळ्यात उभा. म्हणाला, "काकीने सांगून ठेवलंय, देवघरावरचं बघ म्हणून." आई, गुडघ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी तू त्याला सांगून गेली होतीस! आमचं वाजलंय हे तुला माहीत होतं की नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

तो वर चढला. मी खालून एकेक कौल देत होतो. तीन तास आमच्यात "दे", "थांब" आणि "फुटकं नको" एवढंच. कोनवाशाजवळ दोन रिपा कुजल्या होत्या, त्या त्याने बोटाने दाबून दाखवल्या, भुसा माझ्या डोळ्यात पडला. मी डोळे चोळत होतो आणि तो वरून बघत होता. मग खाली उतरला, घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन माझ्या हातावर ओतलं. तेव्हा मी म्हटलं, "तो शब्द मी लिहायला नको होता." तो म्हणाला, "मेल्या, माझ्या आवशीने वाचला तो." बस्स.

त्याच्या आईने वाचला असेल, हे वर्षभरात माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मत मी बदललं नाही, त्यानेही नाही. चहा झाल्यावर पडवीत असे भांडलो की शेजारची काकू गडग्याशी येऊन उभी राहिली. त्याचं म्हणणं, तुझ्या हापूसचे दोन महिने, माझ्या पोरग्याने बारा महिने काय करायचं? त्याचा भाऊ नालासोपाऱ्याला, गावाला येतो गणपतीत आणि शिमग्याला. वाडीत रात्री दिवा लागणारी घरं नऊ, ती मोजून दाखवली त्याने. मी म्हटलं, सडा कागदावर पडीक दिसतो, पण पावसाचं पाणी तोच पितो आणि खालच्या झऱ्यांना तोच देतो. सड्यावरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांचं काय? तो म्हणाला, "चित्रं बघायला येतील त्यांना चहा विकू?" मला राग आला, पण उत्तरही सुचलं नाही. अजून नीटसं सुचलेलं नाही, हे तुम्हालाच सांगतोय.

बाबा, तुम्ही म्हणाल, आम्हीही विरोधात होतो पण मैत्र्या सांभाळल्या. मार्च १९७७ ची गोष्ट मला पाठ आहे. तुम्ही जनता पक्षाच्या मधु दंडवत्यांच्या प्रचारात, वरच्या आळीतले अण्णा काँग्रेसचे. पोस्टरं चिकटवायला त्यांच्या आईने चुलीवर शिजवलेली खळ, एकच बादली, अर्धी तुमची, अर्धी त्यांची. तुमचा नांगरधारी शेतकरी आणि त्यांचं गाय-वासरू एकाच रात्री एकाच भिंतीवर. निकालानंतर दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि अण्णांनी तुम्हाला विचारलं, "मग, गाडी किती वाजता?"

पण खरं सांगू, तुमचं भांडण सोपं होतं. ते दिल्लीचं होतं. त्यात अण्णांची जमीन जाणार नव्हती की तुमचा झरा आटणार नव्हता. आमचं उंबऱ्यावरचं आहे. आधी नाणार, २०१९ मध्ये तिथली अधिसूचना रद्द झाली, मग बारसू. उद्या आणखी काही येईल आणि आम्ही पुन्हा दोन बाजूंना असू. कधीतरी त्याच्यामुळे माझं किंवा माझ्यामुळे त्याचं खरोखरीचं नुकसान होईल, आणि तेव्हा काय होईल ते मला सांगता येत नाही. तोवर एक ठरवलंय: फोनवर भांडायचं नाही. काय ते पडवीत, समोरासमोर. समोर असलं की त्याच्या आवाजावरून कळतं कुठे थांबायचं.

दलाल कोणाला म्हणतात ते तुम्ही मला शिकवायला नको. आंब्याच्या धंद्यात आयुष्य गेलंय तुमचं. मधे राहून दुसऱ्याच्या मालावर पैसे खातो तो. मेस्त्रीने सही केली ती स्वतःच्या सातबाऱ्यावर. दुसऱ्याच्या एका गुंठ्यासाठी तो कोणाच्या दारात गेला नाही. त्याला चुकला म्हणा, लोभी म्हणा, अडाणी म्हणा, मी रोज म्हणतो. हा शब्द तेवढा त्याच्यासाठी वापरू नका.

बाकी ठीक. यंदा पाऊस मेमध्येच आला, शेवटचा आंबा बराच भिजला. देवघरात एक थेंब गळत नाही. गणपतीवरच्या माटवीचं सामान मी जमवतो.

गणपतीला राजापूर रोडला उतराल तेव्हा मी मखराच्या गडबडीत असेन. मेस्त्री येणार आहे टेम्पो घेऊन, त्यानेच सांगितलंय. पुढे आईला बसवा, मागे बसली की तिला गाडी लागते. बाबा, तुम्ही मागे. तिथूनही त्याला ऐकू जातं.

तुमचा,
बाळू