न विचारता बदललेल्या केबिनबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, आरक्षण व ग्राहक सेवा विभाग

विषय : चौथ्या डेकवरची (मजल्यावरची), जहाजाच्या मध्यभागातली ओशनव्ह्यू (समुद्राकडे खिडकी असलेली) केबिन परस्पर काढून घेऊन दहाव्या डेकवर पुढच्या टोकाची बाल्कनी केबिन दिल्याबाबत, भाड्यातील फरकाचा परतावा मिळणे आणि केबिनच्या माहितीत दुरुस्ती होणे याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक डेकचा नकाशा पाहून, केबिनचा क्रमांक निवडून बुकिंग केले होते. पूर्ण रक्कम मुदतीत भरली होती. त्यानंतर, म्हणजे प्रवास रद्द केला तर सगळे भाडे बुडेल अशा काळात, तुमचा ईमेल आला की तुम्हाला 'मोफत अपग्रेड' मिळाले आहे. आम्ही त्याच दिवशी लेखी नकार कळवला. मूळ केबिन दुसऱ्यांना देऊन झाली आहे, असे उत्तर आले. जहाजावर चढल्यावर काउंटरवर विचारले, तर एकही केबिन रिकामी नाही, असे सांगण्यात आले. हा बदल आम्हाला अपग्रेड म्हणून का मान्य नाही, ते सविस्तर लिहीत आहोत.

इनसाइड, ओशनव्ह्यू, बाल्कनी, स्वीट या पायऱ्या तुमच्या दरपत्रकातल्या आहेत. केबिन निवडणाऱ्याला मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात : केबिन कशी आहे आणि ती जहाजात कुठे आहे. श्रेणी फक्त पहिलीचे उत्तर देते. झोप लागणार की नाही आणि जेवण पोटात टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा दुसरीवर ठरते.

ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या डेकवर आणि मध्यभागी केबिन घ्यावी, असे सांगतात ते उगाच नाही. लाटांवर जहाज पुढेमागे झुकते तेव्हा ते साधारण मध्याच्या आसपासच्या अक्षावर झुकते. अक्षापासून जितके दूर, तितकी केबिन जास्त वरखाली होते. आम्हाला दिलेली केबिन मध्यापासून सुमारे ११० मीटर पुढे होती. जहाज फक्त १ अंश झुकले तरी तिथली जमीन जवळपास १.९ मीटर वर जाते आणि तितकीच खाली येते. मूळ केबिन मध्यापासून साधारण १२ मीटरवर होती; तिथे हाच आकडा २० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. उंचीचेही तसेच. सहा डेक वर म्हणजे सुमारे १७ मीटर वर. जहाज २ अंश एका कुशीवर कलले की चौथ्या डेकच्या मानाने दहाव्या डेकवरचा माणूस सुमारे ६० सेंटिमीटर जास्त बाजूला झुलतो. जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, हे तुमच्या प्रतिनिधीने दोनदा सांगितले. स्टॅबिलायझरचे पंख कुशीवरचे डोलणे कमी करतात, पुढेमागे झुकणे थांबवत नाहीत. आणि पुढच्या टोकाला त्रास होतो तो मुख्यतः त्या झुकण्याचाच. मूळ केबिन निवडण्याचे हे कारण आम्ही बुकिंगच्या वेळी 'विशेष सूचना' या रकान्यात लिहिले होते. ते कोणी वाचले असते तर हा बदल झालाच नसता.

दुसरी बाब छतावरची. अकराव्या डेकवर, या केबिनच्या बरोबर वर, जिम आहे. सकाळी सहाला ट्रेडमिल सुरू झाली की तिची धपधप लोखंडी डेकमधून थेट खाली उतरते. कोणी वजन जमिनीवर टाकले की छताच्या पत्र्याची पट्टी खडखडते आणि बाथरूममधला आरसा थरथरतो. वर रबराची चटई आहे, पण तिने आवाजाची धार तेवढी जाते, दणका राहतो. स्विमिंग पूलखालच्या केबिनमध्ये हेच काम पहाटे ओढल्या जाणाऱ्या आरामखुर्च्या करतात, स्वयंपाकघराखाली ट्रॉल्यांची चाके करतात, आणि थिएटर किंवा डिस्कोच्या वर झोपणाऱ्याला मध्यरात्रीपर्यंत बेसचे ठोके ऐकावे लागतात. म्हणून जाणकार प्रवासी वर केबिन आणि खाली केबिन अशी जागा शोधतात. आमच्या मूळ केबिनच्या वर पाचवा डेक होता, खाली तिसरा, आणि दोन्हीकडे फक्त केबिन होत्या.

आता बाल्कनी, जिच्यामुळे हे अपग्रेड ठरले. जहाज १८ नॉट वेगाने चालले की हवा पूर्ण पडलेली असली तरी पुढच्या बाजूला ताशी ३३ किलोमीटरचा वारा लागतो. समोरून वारा असेल तर दोन्ही वेगांची बेरीज होते. दार उघडायला खांदा लावावा लागतो, आणि वाऱ्याचा जोर वाढला की बाल्कनीत जाऊ नका अशी घोषणा होते. शिवाय या भागातल्या बाल्कन्यांचा कठडा काचेचा नसून अर्ध्या उंचीपर्यंत पोलादी पत्र्याचा आहे. खुर्चीत बसले की समोर रंगवलेला पत्रा दिसतो. समुद्र पाहायचा तर उठून उभे राहावे लागते. तुमच्या श्रेणीच्या फोटोत काचेचा कठडा आहे. पोलादी कठड्याचे फायदेही आहेत, आडोसा मिळतो, खासगीपणा राहतो, आणि काहींना तोच आवडेल. पण कोणत्या क्रमांकाला कोणता कठडा, हे बुकिंगच्या पानावर कुठेही लिहिलेले नाही.

क्षेत्रफळाचा हिशेबही सांगायला हवा. ईमेलमध्ये नवी केबिन '१९ चौरस मीटर' म्हणून मोठी दाखवली आहे. त्या १९ मध्ये बाल्कनीचे ४ धरले आहेत. आतली जागा १५. आमची ओशनव्ह्यू केबिन १७ होती आणि ती सगळी आतच होती. बॅगा पलंगाखाली सरकवून दोघांना एकाच वेळी वावरता येईल की नाही, हे त्या २ चौरस मीटरवर ठरते.

तुमच्या माहितीतली हीच उणीव इतर श्रेण्यांमध्येही आहे. 'दृश्यात अडथळा' या एका शेऱ्याखाली दोन अगदी वेगळ्या केबिन येतात : एकीत लाइफबोटीचे छत खिडकीच्या खाली राहते आणि वरून समुद्र मोकळा दिसतो, दुसरीत बोटीची बाजू अख्खी खिडकी व्यापते. पहिली स्वस्तात मिळाली तर जरूर घ्यावी. दुसरी म्हणजे उजेड येणारी इनसाइड केबिन. पुढच्या टोकाच्या खालच्या डेकवर बंदरात शिरताना थ्रस्टरची (जहाज आडवे सरकवणाऱ्या पंख्याची) घरघर आणि नांगराच्या साखळीचा आवाज येतो, आणि समुद्र खवळला तर तिथल्या गोल खिडक्यांवर लोखंडी झाकणे लावतात. थेट समोर तोंड असलेल्या केबिनमध्ये रात्री पडदे ओढून ठेवायला सांगतात, कारण आतल्या उजेडाचा ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, पाहणाऱ्यांना अडथळा होतो. यातले काहीही श्रेणीच्या वर्णनात नाही. इनसाइड केबिनबद्दल मात्र आमची तक्रार नाही. खिडकी नाही, दिवसाही मिट्ट काळोख, भाडे सर्वांत कमी, हे तुम्ही स्पष्ट सांगता, आणि जे सांगता तेच मिळते.

डेक प्लॅनमध्येही दुरुस्ती हवी. त्यात काही चौकोन नुसते पांढरे आहेत. तिथे प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांची कोठारे, चादरी-टॉवेलच्या खोल्या किंवा सेवेच्या लिफ्ट असतात, आणि शेजारच्या केबिनला पहाटेपासून दारांचा आवाज येतो. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारे मधले दार कुठे आहे त्याची खूण अगदी बारीक आहे. अशा दारातून पलीकडचे बोलणे भिंतीपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येते. आणि प्रत्येक डेक वेगळ्या पानावर असल्यामुळे आपल्या डोक्यावर काय आहे, हे प्रवाशाला दोन पाने शेजारी ठेवून अंदाजानेच ठरवावे लागते.

आता पैशांबद्दल. तुमच्याकडे एकाच श्रेणीचे दोन दर आहेत. कमी दर गॅरंटीचा : त्यात प्रवासी फक्त श्रेणी ठरवतो, क्रमांक कंपनी देते, आणि मिळेल ती जागा त्याने घ्यायची असते. हा व्यवहार सरळ आहे. आम्ही तो नाकारून जास्त दर भरला, तो केवळ क्रमांक निवडण्यासाठी. क्रमांक तुम्ही बदलला, म्हणजे आम्हाला गॅरंटीचीच सेवा मिळाली आणि पैसे मात्र निवडीचे घेतले गेले. बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'वरच्या श्रेणीत बदल चालेल' या वाक्यापुढे खूण होती, असे तुमच्या उत्तरात म्हटले आहे. ती खूण तुमच्या फॉर्ममध्ये आधीपासूनच केलेली असते आणि विम्याच्या मजकुराखाली तिसऱ्या पानावर असते. प्रवाशाने स्वतः न केलेली खूण ही त्याची संमती आहे, हे आम्ही मानत नाही.

आमची मागणी अशी : बुकिंगच्या दिवशी त्याच श्रेणीचा गॅरंटी दर आणि आम्ही भरलेला दर यांतला फरक दोघांनाही परत मिळावा, तोही ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात, पुढच्या प्रवासावरची सवलत किंवा जहाजावर खर्च करायची रक्कम या स्वरूपात तो आम्हाला नको. क्रमांक निवडून घेतलेली केबिन बदलण्यापूर्वी प्रवाशाचा लेखी होकार घ्यावा आणि फॉर्ममधली ती आधीच केलेली खूण काढून टाकावी. प्रत्येक केबिन क्रमांकापुढे वर काय, खाली काय, मधले दार आहे का, कठडा कशाचा, आतले क्षेत्रफळ किती आणि बाल्कनीचे किती, एवढी माहिती द्यावी. ती तुमच्या जहाजाच्या आराखड्यांत आजही आहे.

या पत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे. न मिळाल्यास आम्ही ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागू.

आपले,
बुकिंगमधील दोन्ही प्रवासी

सोबत : मूळ बुकिंगची पावती, केबिन बदलाचा ईमेल, आमचा लेखी नकार व त्यावरचे उत्तर, दहाव्या आणि अकराव्या डेकच्या प्लॅनची प्रत, बाल्कनीच्या कठड्याचे दोन फोटो.