रक्त रुग्णासाठी की राऊंडसाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला डॉक्टरसाहेबांचा लेख वाचला. रुग्णच तपासण्या मागतात आणि ग्राहक न्यायालयाच्या धाकाने आम्हाला त्या लिहाव्या लागतात, असं ते म्हणतात. कालपासून ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, हे मान्य. पण पहाटे पाचला रक्त काढायला ट्रे घेऊन येणाऱ्या सिस्टरला कोर्टाने पाठवलेलं नसतं. कोण पाठवतं ते मी सांगते. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये गेली.

गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण न्यूमोनियाने एका खासगी रुग्णालयात होती. वय 76. ताप उतरला, ऑक्सिजन निघाला, बाई उपमा मागून खाऊ लागल्या. तरी रोज पहाटे जांभळ्या टोपणाची बाटली, लाल टोपणाची आणि वर निळ्या टोपणाचीही. निळी म्हणजे पीटी-आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची तपासणी. रक्त पातळ करायची कुठलीही गोळी तिला चालू नव्हती, यकृत ठणठणीत. शिवाय निळ्या बाटलीची खोड अशी की खुणेपर्यंत भरली नाही तर रिपोर्ट चुकतो, मग पुन्हा टोचा. दोन्ही हात काळेनिळे झाले होते.

निवासी डॉक्टरांना विचारलं, ‘ही निळी कशाला?’ पोरगा सज्जन होता. म्हणाला, ‘मावशी, सर राऊंडला विचारतात. रिपोर्ट नाही म्हटलं तर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं.’ भरतीच्या रात्री कुणीतरी ट्रीटमेंट शीटवर ‘डेली’ लिहून ठेवलं होतं. ते खोडायची याची हिंमत नाही आणि सरांना फुरसत नाही. सर आले, फाईल उघडली, पान उलटलं, ‘गुड, कंटिन्यू’, की चालले पुढच्या खाटेकडे. त्या आयएनआरवर त्यांची नजर गेली असेल तर मी नाव बदलेन.

पुढचं ऐका. भरती होताना 11.4 असलेलं हिमोग्लोबिन 9.6 वर आलं. थोडं सलाईनने पातळ झालं असेल, आजारपणाचाही वाटा असेल, पण बाकीचं कुठे गेलं ते लॅबच्या सिंकला विचारा. साहेबांनी काय लिहावं? आयर्न, फेरिटिन, बी-12, शौचातलं रक्त आणि पोटविकारतज्ज्ञांचं ‘ओपिनियन’! रक्त का कमी झालं ते शोधायला आणखी रक्त. मी म्हटलं, निदान लहान मुलांच्या छोट्या बाटल्या तरी वापरा. उत्तर: ‘मोठ्या माणसांना तशी पद्धत नाही.’

कटचा, म्हणजे तपासणीला रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या कमिशनचा, विषय मी काढत नाही. 2017 साली राज्य सरकारने त्यावर कायद्याचा मसुदा केला होता, त्याचं पुढे काय झालं ते आपल्या वार्ताहरांना विचारावं. मला दिसलेल्या प्रकारात त्या पोराला दमडीही मिळत नव्हती, तरी तो तपासण्यांच्या फॉर्मवर खुणा करतच होता. अमेरिकेत 2012 साली अनावश्यक तपासण्या टाळण्यासाठी ‘चूझिंग वाइजली’ मोहीम सुरू झाली. प्रकृती आणि रिपोर्ट स्थिर असतील तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नि बायोकेमिस्ट्री (रक्तातल्या रासायनिक घटकांची तपासणी) पुन्हा पुन्हा करू नका, असं तिथे रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांच्याच संघटनेने लिहून दिलं. कोर्टकचेरीचा धाक तिथे आपल्यापेक्षा कमी आहे, असं लेखकमहाशयांना वाटतं का?

आमच्या दवाखान्यात मशीनचं रिएजंट, म्हणजे तपासणीला लागणारं रसायन, संपलं की निवासी डॉक्टर लॅबच्या खिडकीशी येऊन हवालदिल व्हायचे. आमचे जुने फिजिशियन त्यांना दंडाला धरून वॉर्डात न्यायचे आणि म्हणायचे, ‘खालची पापणी ओढून बघ, आज ती काय सांगते?’ ज्याला खरंच गरज असेल त्याचा नमुना ते स्वतः चिठ्ठी लिहून आमच्याकडे पाठवायचे, आणि ती चिठ्ठी आली की आम्हीही धावायचो. रिएजंट आलं की गठ्ठ्याने फॉर्म पुन्हा सुरू. असे एक-दोन ‘सर’ प्रत्येक रुग्णालयात असते तर कायद्याला कुणी भ्यायलं नसतं.

जाता जाता एक. ज्या पुरवणीत तपासण्यांच्या अतिरेकावर डॉक्टरसाहेबांनी गळा काढला आहे, त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘संपूर्ण शरीर तपासणी, 72 टेस्ट, फक्त 999 रुपये, घरपोच’ अशी रंगीत जाहिरात आहे. रुग्ण तपासण्या मागतात म्हणे! मागायला शिकवतं कोण? जाहिरात घ्या बापडे, पेपर चालवायचा आहे. निदान त्या दिवशी तरी नको होती.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा

(कृपया नाव छापू नये. बहीण अजून त्याच डॉक्टरांकडे फॉलोअपला जाते.)