चॉकलेटच्या गोष्टीत माया लोक कुठंयत?

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली आर्टिसन, म्हणजे हातानं थोडं थोडं बनवलेल्या चॉकलेटची दुकानं जिकडेतिकडे निघालीयत, चांगलंच आहे, पण भिंतीवरचा इतिहास वाचायला जावं तर सुरुवात थेट बेल्जियमपासून! अहो, मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात रिओ अझुलला प्राचीन माया लोकांच्या थडग्यात पाचव्या शतकातलं, फिरवून बंद करायच्या झाकणाचं भांडं सापडलंय, त्यावर कोकोचं (ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनतं) चिन्ह आणि आत कोकोचे अंश. १५०२ मध्ये होंडुरासजवळ कोलंबसला व्यापाऱ्यांची होडी भेटली, तिच्यातल्या कोकोच्या बिया खाली पडल्या की लोक जणू स्वतःचा डोळाच पडल्यासारखे वाकून उचलायचे असं त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय, कारण त्या बिया तिथलं चलन होत्या. आणि हे सगळं म्युझियममध्ये गेलेलं नाही बरं का, मेक्सिकोतल्या वाहाका शहरात लोक आजही गिरणीवर कोको, दालचिनी, बदाम, साखर आपल्या भाजणीसारखं हवं त्या प्रमाणात दळून घेतात आणि गरम दुधात नाहीतर पाण्यात लाकडी रवीनं फेस येईस्तोवर घुसळतात. रॅपरवर कोको ७० टक्के, ८५ टक्के असं ठळक छापता ना, मग बी कुठल्या गावची, पिकवणारे कोण हेही छापा की, जागा भरपूर आहे.

– एक वाचक, पुणे