खिंडसीच्या नहरावर पाइप टाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या रस्त्यावर खिंडसी तलावाच्या नहराची एक शाखा जाते आणि तिच्यावर दगडी कमानीचा छोटा पूल आहे. तो पाडून तिथे सिमेंटचे दोन पाइप टाकायचे घाटत आहे. रस्ता रुंद होतोय याचा आनंदच आहे. पण पाइपांना माझा ठाम विरोध आहे.

पूल अरुंद आहे, हे खरेच. धान कापणीला पंजाबातून हार्वेस्टर येतात, ते या पुलावरून जात नाहीत. लांबून फेरा घालून वावरात पोचतात आणि त्या फेऱ्याचे पैसे आमच्याच हिशेबात लागतात. रेतीच्या एका टिप्परने एका बाजूचा कठडा पाडला, तिथे आता बांबूला लाल चिंधी बांधून ठेवली आहे. पोरी सायकलने शाळेत जातात त्या याच पुलावरून. नवा पूल हवाच, आणि लवकर हवा.

मात्र हा पूल कशावर उभा आहे, हे रस्त्याचे काम काढणाऱ्यांनी विसरू नये. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोगाने देशभर पाहणी केली. त्यानंतर या प्रांतात तलाव आणि नहरांची जी कामे निघाली, त्यात रामटेकजवळ सूर नदी अडवून १९१३ मध्ये पूर्ण झालेला खिंडसी तलाव आहे. या नहराला मोटार नाही की पंप नाही. पाणी वाहते ते निव्वळ उतारावर, आणि तो उतार इतका थोडा की नुसत्या नजरेला कळत नाही. अशा नहरात मध्येच कुठे पाणी अडले, तर वरच्या अंगाला ते तुंबून पाळ फुटते आणि शेवटच्या टोकाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरे, कोरड्या राहतात. माझी शेती त्या शेवटच्या टोकाला आहे.

साधा हिशेब मांडते. कमानीखाली नहर तीन मीटर रुंद आहे. पाणी पुरे सोडले की खोली सव्वा मीटरच्या आसपास असते. म्हणजे पाण्याला वाट मिळते पावणेचार चौरस मीटर. नऊशे मिलिमीटरचे दोन पाइप तोंडोतोंड भरून वाहिले तरी दोघांची वाट मिळून सव्वा चौरस मीटरच्या वर फारशी जात नाही. एक तृतीयांश! आणि हे पाइप स्वच्छ असतील तेव्हाचे झाले.

ते स्वच्छ राहत नाहीत. शेजारच्या गावी अशाच शाखेवर पाइप टाकले आहेत, तिथली तऱ्हा मी पाहिली आहे. धानाची तणस, बेशरमाच्या झुडपाच्या फांद्या, खताच्या रिकाम्या पिशव्या हे सगळे पाइपाच्या तोंडाशी येऊन असे घट्ट बसते की वरून बांबूने ढोसून निघत नाही. माणसाला छातीभर पाण्यात उतरून हाताने ओढावे लागते. पाण्याची पाळी रात्रीची आली तर हे काम रात्री, बॅटरीच्या उजेडात. आश्विनात धान निसवतो तेव्हा पाणी हुकले की लोंब्या पोचट निघतात. रोवणीपासून लावलेली सगळी मजुरी त्या काही दिवसांत मातीमोल होते.

माझी मागणी अशी. पूल स्लॅबचा, एकाच गाळ्याचा करावा. मधे खांब नको, आणि नहराची आजची रुंदी एक वीतही कमी होऊ नये. जमल्यास तो थोडा बाजूला घ्यावा आणि जुनी कमान सायकली, बैलबंड्यांसाठी ठेवावी. कठडा पडला, पण कमानीतला एक दगड हललेला नाही. मात्र सांध्यात एक उंबर रुजला आहे, तो आताच मुळासकट काढायला हवा. मुळी जाड झाली की दगड उचकटेल आणि मग पूल आपोआप पडला असे कोणी म्हणेल.

काम रब्बीचे शेवटचे पाणी बंद झाल्यावर सुरू करून रोवणीच्या आत संपवावे. वाहतुकीसाठी नहरात मातीचा भराव घालतील, तर तो पाणी सोडण्याआधी तळापर्यंत उपसलाच पाहिजे. अर्धा काढून बाकीचा पाण्याने वाहून जाईल असे सांगण्याची रीत आम्हाला माहीत आहे. तो वाहून जात नाही, पुढच्या वळणावर गाळ होऊन बसतो.

राज्याच्या २००५ च्या कायद्याने सिंचनाच्या व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना स्थान दिले आहे. मग नहरावरच्या पुलाचा नकाशा त्या संस्थेला दाखवायला हरकत काय? काम सुरू होण्याआधी तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, त्यावर गाळ्याची रुंदी आणि तळाची पातळी आकड्यांत लिहावी, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

आपली,
एक धान उत्पादक शेतकरी महिला
तालुका रामटेक, जिल्हा नागपूर