चि. मनूस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "छातीत जरा जड वाटतं, पण निवडणूक तोंडावर आहे ना बाबा" असं म्हणालीस आणि लगेच हवापाण्यावर गेलीस. तेव्हापासून आईचं चित्त थाऱ्यावर नाही. मी मात्र तब्येतीविषयी चकार शब्द लिहायचा नाही, असं ठरवून बसलोय.

तुमचे साहेब ऊठसूट ज्यांचं नाव घेतात, त्या हॅरॉल्ड वॉशिंग्टनबद्दल वाचून काढलं. नगरपालिकेत हयात गेली माझी, त्यामुळे मजा आली. 1983 साली शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर, आणि 50 पैकी 29 नगरसेवक विरोधात! यानं सभा तहकूब केली, बाहेर पडला. मागे त्या 29 जणांनी सभा चालूच ठेवून सगळ्या समित्या ताब्यात घेतल्या. आपल्याकडचे कारभारी तरी काय वेगळं करतात? पण याच्याकडे 21 होते. महापौरांचा नकाराधिकार मोडायला 34 मतं लागतात, ती काही त्यांना जमेनात. 1986 मध्ये कोर्टाच्या आदेशानं सात वॉर्डांत फेरनिवडणूक होऊन 25-25 झाले, आणि कास्टिंग व्होट महापौरांचं! मी एकटाच मोठ्यानं हसलो.

1987 च्या एप्रिलमध्ये पुन्हा निवडून आला. नोव्हेंबरमध्ये ऑफिसात, टेबलाशी बसल्या बसल्या गेला. हृदयविकार. वय 65. वजन वाढलेलं, कामाला रात्र नाही की दिवस नाही. सभागृह एकदाचं हाती आलं होतं गं!

तू 31 ची आहेस, कबूल. पण तुझ्या आजोबांनाही शेवटपर्यंत 'ॲसिडिटी'च होती. अण्णालासुद्धा. रात्री दहाला चिप्स खाणं म्हणजे जेवण नव्हे. माणसानं वेळेवर... झालं, लागलो मी. रागावू नकोस.

पाचवीत मॉनिटरच्या निवडणुकीला उभी राहिली होतीस. संध्याकाळी दप्तरातून डबा निघाला तो भरलेलाच. पोळीची गुंडाळी वाळून कडक, गुळाला मुंग्या. "मधल्या सुट्टीत मतं मागत होते," म्हणालीस. सहा मतांनी पडलीस, पण वर्गभर हिंडली होतीस. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. अजूनही सांगतो, तुमचा वॉर्ड कुठला, तुझं काम काय. त्यांना कंटाळा येतो.

ईसीजी काढ. मतदान झाल्यावर नव्हे, याच आठवड्यात. रिपोर्ट मला पाठव, आईला नको. तिकडे पैसे किती लागतील ते कळव, मी एफडी मोडतो.

तुझे,
बाबा