मशीन माझं, मग माहिती कुणाची?

संपादक महोदय,

आमचं वायफायवालं वॉशिंग मशीन गेल्या महिन्यात ड्रममध्ये पाणी भरलेलं असतानाच बंद पडलं, अ‍ॅपवर फक्त एवढंच आलं की बिघाड आहे, सर्व्हिस सेंटरला फोन करा. नेहमीचा मेकॅनिक आला, हुशार माणूस, पण मोटर किती गरम झाली, पंप कधी अडकला हे सगळं मशीनने नोंदवून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवलेलं आणि ते ना त्याला दिसतं ना मला. बिचारा अंदाजाने एकेक पार्ट काढून बघत बसला.

मशीन मी विकत घेतलं, वीज माझी, वायफाय माझं, मग त्यातून तयार होणारा डेटा मला का मिळू नये? कपडे कधी धुतो, घरात कधी कुणी नसतं हेसुद्धा त्यातून कळतं हो! युरोपियन युनियनचा डेटा अ‍ॅक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात असा डेटा वापरणाऱ्याला फुकट द्यावा लागतो आणि त्याने सांगितलं तर दुरुस्तीवाल्यालाही द्यावा लागतो. हे मला फार पटलं, कारण नुसतं 'तुमचा डेटा सुरक्षित आहे' म्हणून आमचं काम होत नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहितीबद्दल विचारायचा हक्क आहे, पण पंपाची नोंद त्यात बसते का हे सामान्य माणसाने कसं ठरवायचं?

निदान अ‍ॅपमध्ये डाउनलोडचं एक बटण तरी सक्तीचं करा.

– एक ग्राहक