नऊ कड्या आणि खरवडलेला लेप : एका काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पकडलेल्या टायगर १३१ या जर्मन रणगाड्याचे १:३५ प्रमाणातील मॉडेल गेल्या रविवारी अखेर पूर्ण झाले. फोनवर आभार मानू लागलो तेव्हा आपण "आधी रंग वाळू दे" म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र, आणि माझ्या हातून झालेली चूक या छंदातल्या कोणाच्याही हातून होण्यासारखी असल्याने ते उघडच लिहीत आहे.

मॉडेलचा डबा उघडला तेव्हा, रणगाडा ज्यावर चालतो त्या पट्ट्याच्या सात कड्या कमी निघाल्या. टायगरच्या एका बाजूच्या पट्ट्यात ९६ कड्या असतात. विक्रेत्याकडून उत्तर येईना आणि ८९ कड्यांत पट्टा काही केल्या जुळेना. आपल्याला कळवल्यावर चारच दिवसांत नाशिकहून एक आगपेटी आली, आत कापसात ठेवलेल्या नऊ कड्या. दोन जास्त का, असे विचारले तर "एक तुटेल, एक हरवेल" असे आपण म्हणालात. अगदी तसेच झाले.

परंतु त्याहून मोठे ऋण झिमरिटचे आहे. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांवर दिला जाणारा हा सऱ्यासऱ्यांचा लेप मला पहिल्यापासून आवडतो. हौसेने मी डाव्या बाजूवर पुट्टी थापली, बारीक स्क्रूड्रायव्हरने एकेक सरी ओढली आणि शाबासकीच्या अपेक्षेने आपल्याला फोटो पाठवला. आपण एवढेच विचारलेत, "ही गाडी पकडली कधी?" एप्रिल १९४३ मध्ये, ट्युनिशियात. झिमरिट लावण्यास सुरुवात झाली ती त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस. थोडक्यात, ब्रिटिशांच्या ताब्यात गेलेल्या गाडीला मी जर्मन लेप चढवत होतो!

त्यानंतर आपण तासभर खर्चून टायगर कसा वाचावा ते शिकवलेत. टरेटवरचा (तोफेच्या फिरत्या बुरुजावरचा) डब्यासारखा उभा कपोला, म्हणजे बाहेर पाहण्याचा छोटा घुमट, एका बाजूला २४ याप्रमाणे एकमेकांत गुंतलेली रबरी धावांची ४८ चाके आणि मागच्या अंगाला धूळ अडवणारे फायफेल फिल्टर ही सुरुवातीच्या गाड्यांची लक्षणे, तर बाजूला १६ पोलादी चाके आणि पेरिस्कोपचा ठेंगणा कपोला दिसला की ती नंतरची गाडी, हे मी आता झोपेतही सांगेन. चाके घासताना मात्र, पोलादी चाकांची गाडी निवडली असती तर सोळा चाके वाचली असती, असे मनात आले, हे कबूल करतो.

लेकीकडे इंग्लंडला गेला असताना बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आपण काढलेले फोटो मला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडले. ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्याचा गोळा या टायगरच्या टरेटच्या कड्याशी अडकल्याने टरेट फिरेनासे झाले आणि आतल्या माणसांनी गाडी सोडून दिली. त्या माराच्या खुणा आपण जवळून टिपल्या होत्या. मी तळपाटीवर 'अजिंक्य' असे लिहिणार होतो. आपल्या त्या फोटोनंतर पाटीवर फक्त क्रमांक आणि साल आहे. ५७ टनांच्या या यंत्राचे कौतुक करताना ते कोणासाठी लढत होते हे विसरू नये, एवढे भान मला त्यामुळे आले.

पुट्टी खरवडताना प्लास्टिकवर उमटलेले ओरखडे पॉलिश पेपरने पुरते गेले नाहीत. सुदैवाने पट्टा बदलताना लागणारी लांब तार या गाडीच्या डाव्याच बाजूला लावलेली असते. दिवाळीत मॉडेल घेऊन नाशिकला येईन, तेव्हा ती तार तेवढी उचलून पाहू नये, ही विनंती.

आपला ऋणी,
पुण्याचा नवशिका